बदलीच्या सामानातला भातकुकर

फौजी कुटुंबाच्या बदलीच्या सामानात हल्ली विजेचा भातकुकर हमखास असतो. त्याची पूर्वपीठिकाही थोडी फौजीच आहे. १९३७ च्या सुमारास जपानी लष्कराने स्वयंपाकाची मोटार बनवली. तिच्यातल्या लाकडी पेटीत तांदूळ आणि पाण्यातूनच वीज सोडून भात शिजवीत. आपोआप बंद होणारा घरगुती कुकर यायला मात्र आणखी बरीच वर्षे लागली.

तो बनवला टोकियोचे छोटे कारखानदार योशितादा मिनामी यांनी. भाताच्या चाचण्या घेतल्या त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी घालायचे. वीसेक मिनिटांत ते आटले की तापमान १०० अंशांच्या वर जाते, दोन धातूंची पट्टी वाकते आणि वीज तुटते. तोशिबाने हा कुकर डिसेंबर १९५५ मध्ये बाजारात आणला. आजच्या साध्या कुकरमध्ये हेच काम तळातले चुंबक करते.

मेख इथेच आहे. कुकरला पाणी आटल्याचे कळते, भात शिजल्याचे नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. बटण उडते, पण दाणा कच्चा राहतो. म्हणून लडाखला जाताना शिटीचा प्रेशर कुकरच न्या. तेजपूर किंवा कोचीला विजेचा खुशाल वापरा. चौघांना १.८ लिटरचा पुरतो. भांड्याचा तळ कोरडा पुसूनच आत ठेवा आणि बटण उडाल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नका.