किडनीतली गाठ : शोधायला गेलो एक, सापडले भलतेच



पित्ताचे खडे बघायला सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टच्या शेवटी 'उजव्या किडनीत २.५ सेमीची गाठ' अशी ओळ दिसावी, हे आता नवलाचे राहिलेले नाही. आज किडनीच्या कॅन्सरचे निम्म्याहून अधिक रुग्ण असे योगायोगानेच सापडतात. आम्ही पडलो संगणकवाले, डॉक्टर नव्हे. तरीही अशा ओळीने हबकून जाऊ नये आणि ती विसरूनही जाऊ नये, म्हणून ही माहिती जमवली आहे.

पूर्वी कसे कळायचे?
कुशीत दुखणे, लघवीतून रक्त जाणे आणि हाताला लागणारी गाठ, ही जुनी तीन लक्षणे. ती एकत्र दिसेपर्यंत आजार बहुधा पुढे गेलेला असे. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन सर्रास होऊ लागल्यावर लहान गाठी लवकर दिसू लागल्या.

प्रत्येक गाठ कॅन्सर असते का?
नाही. पन्नाशीनंतर पाण्याच्या साध्या गाठी (सिस्ट) पुष्कळांना असतात. त्यांना सहसा उपचार लागत नाहीत. गुंतागुंतीच्या सिस्टसाठी १९८६ पासून 'बॉस्नियाक' वर्गीकरण वापरतात. त्यात २०१९ मध्ये सुधारणा झाली. भरीव गाठ असेल तर बहुधा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय करतात. ४ सेमीपर्यंतच्या भरीव गाठींपैकी साधारण पाचातली एक निरुपद्रवी निघते. स्कॅनवरून उलगडा झाला नाही तर कधी बायॉप्सी करतात.

उपचार
लहान गाठ असल्यास शक्यतो तेवढाच भाग काढून किडनी वाचवतात. उष्णतेने किंवा अतिशीत तापमानाने गाठ नष्ट करण्याचाही पर्याय असतो. वयस्कर रुग्णांच्या बाबतीत ठरावीक काळाने स्कॅन करून नुसते लक्षही ठेवतात, कारण बऱ्याच लहान गाठी वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात.

आपल्यासाठी महत्त्वाचे
आई-बाबा सहा महिन्यांसाठी इकडे येतात, स्कॅन इथे होतो आणि पुढची तपासणी भारतात. नेमकी ती एक ओळ या प्रवासात हरवते! म्हणून पूर्ण रिपोर्ट आणि स्कॅनची सीडी दोन्ही मागून घ्या व सोबत पाठवा. भारतातले जुने स्कॅन असतील तर तेही इथल्या डॉक्टरांना दाखवा. गाठ वाढते आहे की तशीच आहे, हे तुलनेनेच कळते.

आज घरातले जुने रिपोर्ट काढा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शंका आल्यास आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.