देशमुख हे आडनाव आले कोठून?

आपल्या मंडळाच्या हजेरीपटावर देशमुख आडनावाच्या पाच भगिनी आहेत. त्यांतली एक मी. नाव पुकारताना घोटाळा होऊ नये म्हणून कोणी नदीकाठच्या देशमुखकाकू, कोणी गिरणीमागच्या देशमुखवहिनी, अशा खुणा आपण ठरवून घेतल्या आहेत. माझे माहेर लातूरकडचे. तिकडचे गावावरून पडलेले 'कर'वाले आडनाव लग्नाबरोबर गेले आणि नांदेडात आल्यावर मी देशमुख झाले. या आडनावाचा त्याहून अधिक विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती एका प्रसंगाने आणली, आणि तो प्रसंग आपल्याच मंडळात घडला, म्हणून तो येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर शिवणवर्गाची नावनोंदणी चालू होती. वही माझ्या हातात होती. शेजारच्या गल्लीत नव्याने राहावयास आलेल्या एक बाई आल्या व त्यांनी आपले आडनाव देशमुख असे सांगितले. तेव्हा आपल्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी नेहमीच्या सवयीने विचारले, "कोणत्या देशमुख म्हणायच्या तुम्ही?" त्या सहज म्हणाल्या, "कंधारकडचे. आम्ही मुसलमान आहोत." खोलीत एकदम शांतता झाली. मग कोणीतरी बोलून गेले, "मग देशमुख कसे?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्या आजोबांच्या आजोबांपासून हेच आहे, ताई." नाव लिहून झाले, पण त्या पुढे दोन महिने वर्गाला फिरकल्या नाहीत. मी वही हाती धरून गप्प बसले होते, याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवशी घरी आल्यावर मनात आले की, मी तरी देशमुख कशी? या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. सातवीपर्यंत शिकलेली मी. पण वाचनालयातून पुस्तके आणून, जाणत्यांना विचारून जे समजले ते आज भगिनींपुढे ठेवते.

पहिली गोष्ट अशी की, देशमुख हे मुळात आडनावच नव्हे. तो एक हुद्दा होता. यातला 'देश' म्हणजे आपण आज म्हणतो तो भारत देश नव्हे. जुन्या काळी काही गावांचा मिळून एक परगणा होई, त्या मुलखाला देश म्हणत. 'मुख' म्हणजे प्रमुख. परगण्याचा जो प्रमुख तो देशमुख. गावचा कारभार पाटील पाही आणि गावचा हिशोब कुलकर्णी ठेवी. तसेच परगण्याचा कारभार देशमुख पाही आणि परगण्याचा हिशोब देशपांडे ठेवी. म्हणजे पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही चारही आडनावे एकाच कचेरीतून बाहेर पडलेली आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. कर्नाटकात आणि दक्षिण कोकणात देशमुखाच्या जागी देसाई असे.

देशमुखाचे काम काय? परगण्यातील गावांचा सारा गोळा करून सरकारात भरणे, ओसाड जमिनीवर रयत बसवून लागवड करविणे, चोरा-दरोडेखोरांचा बंदोबस्त ठेवणे, तंटेबखेडे मिटविणे. याबद्दल त्याला वसुलाचा ठराविक वाटा मिळे, इनाम जमीन मिळे आणि सणासुदीला पहिला मान मिळे. शिवाय तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा, माळ्याकडून भाजी, असेही हक्क असत. हे सर्व वंशपरंपरेने चाले. त्यालाच वतन म्हणत. आपल्याकडे १३४७ मध्ये बहामनी राज्य स्थापन झाले. त्याचे तुकडे झाल्यावर बीदरची बरीदशाही, अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही आली, पुढे मोगल आले. गादीवरचे राजे बदलले, पण गावोगावची खडान् खडा माहिती असणारा माणूस प्रत्येकाला लागेच. म्हणून देशमुख बहुधा तेच राहत.

आता मुद्द्याची गोष्ट. हे वतन एकाच जातीला दिलेले नव्हते. ज्याने मुलूख वसविला, ज्याच्या हाताशी माणसे होती, ज्याने दरबारची सेवा केली, त्याला ते मिळाले. वतने गहाण पडत, विकलीही जात. त्यामुळे देशमुखांत मराठा घराणी पुष्कळ असली तरी ब्राह्मण आहेत, कायस्थ प्रभू आहेत, लिंगायत आहेत आणि मुसलमानही आहेत. सीमेपलीकडे तेलंगणात रेड्डी आणि वेलमा घराण्यांतही देशमुखी होती. कंधारकडच्या त्या बाईंचे देशमुखपण जितके खरे, तितकेच माझे. दोघींच्याही घरी ते एकाच दारातून आलेले आहे.

नावाजलेली माणसे घेतली तरी हेच दिसते. 'शतपत्रे' लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख १८२३ मध्ये पुण्यात जन्मले. त्यांचे मूळ आडनाव सिद्धये. घराण्यात देशमुखीचे वतन आले म्हणून देशमुख झाले. स्त्रियांनी शिकावे, विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक असावी, हे त्यांनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रातून निर्भीडपणे लिहिले. विदर्भातले डॉ. पंजाबराव देशमुख १८९८ मध्ये अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मले व पुढे १९५२ ते १९६२ भारताचे कृषिमंत्री होते. त्यांचे मूळ आडनाव कदम. नानाजी देशमुखांचा जन्म १९१६ चा, आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचा. त्यांना २०१९ मध्ये भारतरत्न मिळाले. दोन वेळा मुख्यमंत्री झालेले विलासराव देशमुख तर लातूरजवळच्या बाभळगावचे. आडनाव एक, पण घराणी, जाती आणि मुलूख वेगवेगळे. उलट, भोरजवळच्या कारीचे कान्होजी जेधे शिवकाळातले नामांकित देशमुख असूनही त्यांच्या घराण्याने जेधे हेच आडनाव चालविले. म्हणजे कोणी हुद्द्याचे नाव धरले, कोणी मूळचे राखले. पुण्याकडे मूळ आडनाव राखलेली वतनदार घराणी बरीच आढळतात, तर विदर्भात आणि आपल्या मराठवाड्यात हुद्दाच आडनाव होऊन बसलेला गावोगाव दिसतो.

देशमुखी फक्त पुरुषांचीच होती असेही नाही. आपल्याच नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या उदारामाच्या देशमुख घराण्यात एक कर्तबगार स्त्री होऊन गेली. तिचे नाव सावित्रीबाई सांगतात, पण इतिहासात ती रायबागन या किताबाने, म्हणजे राजवाघीण म्हणून ओळखली जाते. ती मोगलांच्या बाजूने फौजेसह लढाईवर जाई. १६६१ मध्ये कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाच्या फौजेला शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कोंडले, तेव्हा ती त्या फौजेत होती. पाण्यावाचून माणसे तडफडू लागली. तिने खानाला सुनावले की, वाघाच्या तोंडी फौज घालून तू चूक केलीस, आता शरण जाऊन माणसे वाचव. खानाने ऐकले, खंडणी भरली आणि फौज जिवंत परतली. ती महाराजांच्या विरुद्ध बाजूला होती हे खरे. पण हजारो माणसांचा जीव वाचविणारा शहाणपणाचा शब्द त्या दिवशी आपल्या माहूरच्या देशमुखीणबाईंच्या तोंडून निघाला, हेही तितकेच खरे.

या आडनावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ती नुसती बढाई होईल. हाती सत्ता आली की जुलूमही येतो. पुष्कळ देशमुख गढ्या बांधून, शिबंदी ठेवून रयतेला नाडीत. शिवाजी महाराजांनी वतने मोडली नाहीत, परंतु देशमुखांच्या गढ्या आणि मनमानी वसुली यांना आवर घातला आणि त्यांचे हक्क नेमून दिले. आपल्याकडे निजामी राज्यात सालारजंग दिवाण असताना १८६५ मध्ये जिल्हाबंदी झाली. वसुलाला पगारी अधिकारी नेमले गेले आणि देशमुखांचे काम संपले. मोबदला म्हणून त्यांना रुसूम मिळत राहिला. काम गेले, मान आणि जमीन मात्र राहिली. तेलंगणात तर काही देशमुखांकडे हजारो एकर जमीन होती आणि गरिबांकडून फुकट वेठ घेतली जाई. तेथे १९४० नंतरच्या वर्षांत चिट्याला ऐलम्मा नावाच्या एका परटिणीने, विसनूरच्या देशमुखाची माणसे तिचे उभे पीक न्यावयास आली असता, ते नेऊ दिले नाही. तेलंगणातील शेतकऱ्यांच्या लढ्यात तिचे नाव आजही आदराने घेतात. मी देशमुखांची सून आहे, पण हे वाचताना माझे मन ऐलम्माच्या शेताच्या बांधावर उभे होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले आणि वतनदारीचे उरलेसुरले हक्कही पुढे कायद्याने गेले. गढ्यांची माती लोकांनी घरांच्या धाब्यांसाठी नेली. माझ्या सासूबाई सांगत की, त्यांच्या लहानपणी गढीच्या दारात पायातले काढून चालावे लागे. आज त्याच जागी गुरे बसतात. हुद्दा गेला, हक्क गेले, गढी गेली. राहिले ते केवळ नाव. ज्या कामावरून ते पडले ते कामच जगातून नाहीसे झाले असताना, "कोणत्या देशमुख?" हा प्रश्न आपण नेमका कशासाठी विचारतो? खरे उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला जात विचारावयाची असते, पण तोंडाने तसे विचारण्याचा धीर होत नाही.

आणि भगिनींनो, आपण बायकांनी तर हा प्रश्न मुळीच विचारू नये. आपले आडनाव आपल्याला लग्नाने मिळते. दुर्गाबाई देशमुखांचे उदाहरण पाहा. जन्म १९०९ चा, गाव आंध्रातील राजमहेंद्री, मातृभाषा तेलुगू. लहानपणी झालेले लग्न त्यांनी मानले नाही, स्वतः शिकल्या, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेल्या, १९३७ मध्ये मद्रासला आंध्र महिला सभा काढली, घटना समितीत बसल्या. १९५३ मध्ये त्यांनी चिंतामणराव देशमुखांशी विवाह केला आणि त्या देशमुख झाल्या. चिंतामणराव महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्याच वर्षी दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. शाळा सुटलेल्या मोठ्या वयाच्या बायकांना थोड्या मुदतीत परीक्षेला बसता यावे म्हणून त्या मंडळाने १९५८ मध्ये वर्ग सुरू केले. मला या आडनावाचा अभिमान वाटतो तो या तेलुगू बाईमुळे. त्यांच्या घरी परगणा होता की नव्हता, हे मी पाहिलेही नाही.

जगात सगळीकडे बाईचे आडनाव बदलतेच असे नाही. स्पेन देशात लग्नानंतर स्त्री आपले माहेरचेच आडनाव ठेवते आणि मुलांना आईचे व वडिलांचे अशी दोन आडनावे मिळतात. आपल्याकडेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे. माझ्या नातीच्या दाखल्यावर तसे नाव पाहिले तेव्हा बरे वाटले.

शेवटी त्या कंधारकडच्या बाईंविषयी. एवढे सगळे वाचून झाल्यावर मी एक दिवस त्यांच्या घरी गेले आणि त्या दिवशी गप्प बसले याबद्दल माफी मागितली. त्यांनी चहा केला, आणि आपल्या घराण्यातला मोडी लिपीतला एक जुना कागद दाखविला. तो आम्हा दोघींनाही वाचता आला नाही! पुढच्या सोमवारी त्या वर्गाला आल्या. त्यांना आपण आता देशमुखभाभी म्हणतो आणि शिवणवर्गाचा पैन् पैचा हिशोब त्याच ठेवतात. म्हणजे जुन्या रिवाजाप्रमाणे पाहिले तर देशमुख असून काम देशपांड्यांचे!

या वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळापुढे माझी एवढीच विनंती आहे. नव्याने येणाऱ्या बाईला आपण तिचे नाव विचारावे, घर कोठे ते विचारावे, तिला काय येते आणि काय शिकावयाचे आहे ते विचारावे. आडनाव हजेरीपटापुरते लिहून घ्यावे आणि वही मिटावी.