बारभाई आणि कावेबाज

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि मराठीला दोन वाक्प्रयोग मिळाले. आनंदीबाईंनी हुकमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही आख्यायिका. तिच्यातून ‘ध चा मा करणे’ आलं. पुढे राघोबादादांना पेशवाईवरून दूर सारण्यासाठी सखारामबापू बोकील, नाना फडणीस वगैरे मंडळींनी मसलत उभारली, ती ‘बारभाईंचं कारस्थान’. डोकं दोन्हीकडे चाललं. एक अक्षर फिरवून जीव घेणारी बुद्धी मंद कशी म्हणावी? पण ‘ध चा मा’ हा आजही आरोप आहे आणि बारभाईंचं कारस्थान आपण आदरानं सांगतो.

कारस्थान मूळचं फारसी ‘कारिस्तान’. ‘कार’ म्हणजे काम. मराठीत त्याचं शेपूट संस्कृत ‘स्थाना’सारखं झालं. कावाही फारसीच: घोड्याला गोल रिंगणात फिरवणं. त्या वळणातून हुलकावणी आली, हुलकावणीतून कपट. गनीम अरबी, लुटीच्या ‘गनीमत’चा सख्खा भाऊ. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत. शत्रूनं हिणवायला वापरलेला हा शब्द ‘गनिमी कावा’त आपण अभिमानानं मिरवतो.

मग ‘कावेबाज’ म्हटलं की माणूस का दुखावतो? मला वाटतं, ते त्या ‘बाज’मुळे. फारसीत बाज म्हणजे खेळणारा. कावा प्रसंगी करावा लागतो. कावेबाजाला त्याची चटक असते. कारस्थानाचंही तसंच. बारभाईंचं कारस्थान गौरवाचं, पण कुणाला नुसतं ‘कारस्थानी’ म्हणून पाहा! कृतीला मराठी पुष्कळ सूट देते, स्वभावाला देत नाही.

‘हिकमती’ मात्र या तडाख्यातून सुटला. अरबीत हिक्मत म्हणजे शहाणपण, आणि हकीम त्याच धातूचा. हिकमती माणूस बंद पडलेला पंप सुतळी-तारेनं चालू करतो. त्याची झुंज वस्तूशी असते. कावेबाजाच्या हाताखालचा कच्चा माल म्हणजे माणसं. फरक तिथे आहे, बुद्धीच्या धारेत नाही.

मानसशास्त्रानं बुद्धीच्या या काळ्या बाजूचा वेगळा विचार केला तो अलीकडे. डेव्हिड क्रॉप्ली, जेम्स कॉफमन आणि आर्थर क्रॉप्ली यांनी २००८ मध्ये गुन्हेगारी आणि दहशतवादातल्या कल्पकतेवर लिहिलं, मुद्दाम इजा करण्यासाठी राबवलेल्या सर्जनशीलतेवर. नव्या अनुभवांची ओढ कल्पकतेला पोसते, हे तर जुनं निरीक्षण. ती कल्पकता कुणाच्या मुळावर उठेल का, याचा संबंध प्रामाणिकपणा, नम्रता आणि दुसऱ्याबद्दलची कणव यांच्याशी अधिक लागतो.

या सगळ्यात ‘धूर्त’ शब्दाची मला खरी हळहळ वाटते. संस्कृतात तो ठक, जुगारी. रामदासांनी दासबोधात त्यालाच वर उचललं: तिथला धूर्त माणूस पारखी आहे, जाणता आहे, समोरच्याचं अंतःकरण ओळखून वागणारा आहे. आज धूर्त म्हटलं की कोल्हा आठवतो, नाहीतर पुढारी. समोरच्याचं मन वाचता येणं आणि तरी त्याला न फसवणं, या गुणासाठी रामदासांच्या हाती एक शब्द होता. तो आपण ठकांना परत देऊन टाकला.