भुजावंती
मालू कवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (शके १७४१, इ.स. १८१९) या ४० अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथातील सूडबुद्धीची राणी. शशांगर राजाची ही दुसरी पत्नी पतंग उडवणाऱ्या सावत्र मुलावर, कृष्णागरावर, भाळते. त्याने झिडकारताच त्यानेच आपल्यावर हात टाकल्याचा कांगावा करते. राजाही शहानिशा न करता पोराचे हातपाय तोडवतो. नाथपंथी गुरू-शिष्य मच्छिंद्र-गोरक्ष त्याला वाचवतात; तोच पुढे चौरंगीनाथ. सूडाने पेटलेली अशीच दुसरी स्त्री, चिनी कादंबरीकार जिन योंग यांची ली मोचौ, प्रेमभंगानंतर विषारी सुयांनी माणसे मारत सुटते. भुजावंतीला मात्र शस्त्र लागत नाही, खोटे रडणे पुरते. ली मोचौला निदान प्रेमभंगाचे दुःख तरी आहे. मालूने भुजावंतीला तेवढेही मन दिलेले नाही, ही उणीवच. नाथभक्तांच्या घरी मालूच्या या ग्रंथाचे पारायण होते.