उदारचरितांचा श्लोक : वक्ता कोण?

पृथ्वीसच कुटुंब मानणारा श्लोक इ. स. २०२३ च्या जी-२० परिषदेच्या निमित्तानें सर्वतोमुखी झाला. परंतु हितोपदेशाच्या मित्रलाभ प्रकरणांत तो क्षुद्रबुद्धि नांवाच्या कोल्ह्याच्या तोंडीं आहे, हें सुभाषितसंग्रहांवरून कळत नाहीं. अज्ञातकुलशीलास थारा देऊं नये, हा सुबुद्धि कावळ्याचा आक्षेप. त्यावर कोल्हा विचारतो, पहिल्या भेटीच्या दिवशीं तूंही मृगास अपरिचितच होतास ना? कावळा येथें निरुत्तर होतो. पुढें मृगास पाशांत पाडणारें कोल्ह्याचें वर्तनच त्या प्रश्नाचें उत्तर ठरतें. महोपनिषदांत मात्र हाच विचार उदार पुरुषाचें लक्षण म्हणून येतो. सबब नारायणपंडिताचा रोख विश्वबंधुत्वाच्या ढोंगावर आहे, असें आमचें मत आहे. पोथी उतरतांना श्लोकाबरोबर त्याचा वक्ताही जपावा, ही संग्राहकांस विनंति.