जांबच्या नारायणाचा मारुती
जालना जिल्ह्यातील जांब गावी, कुळकर्णाचे वतन सांभाळणाऱ्या ठोसरांच्या घरी, शके १५३० च्या रामनवमीस जन्मलेल्या नारायणाने, म्हणजेच समर्थ रामदासांनी, पुढे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या मुलखात जे अकरा मारुती स्थापिले, त्यांतील चाफळचे दोन मला विशेष मननीय वाटतात. तिथल्या रामाच्या देवळामागे प्रतापमारुती पराक्रमाच्या आवेशात उभा, तर रामासमोर दासमारुती हात जोडून विनम्रपणे तिष्ठत आहे. समर्थांच्या भीमरूपी स्तोत्रातही मारुतीचे अतिप्रचंड, उग्र रूप वर्णिलेले. परंतु दिवेलागणीस, शुभंकरोतीमागोमाग ते म्हणणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेकरांना त्या रूपाचे भय वाटले नाही, उलट अंधाऱ्या परसात एकट्याने जाण्याचा प्रसंग आला की हेच स्तोत्र पुटपुटत ती निर्धास्तपणे पाऊल उचलीत.