तिथीची पाऊणपट

मागच्या महिन्यात धाकट्या दिरांची नात घरी आली होती. डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पूर्वी ज्याला आपण डी.एड. म्हणायचो तेच, नाव तेवढं बदललं. खांद्याला मोठी पिशवी, पिशवीत तक्ते, घडीचित्रं, खडूंचे डबे. आल्या आल्या मला म्हणाली, "आजी, उद्या माझा पाठ आहे. टाचण जरा बघून दे ना."

मी चष्मा लावला आणि बघायला बसले. अक्षर सुरेख, रकाने आखलेले. उद्दिष्ट, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, आणि त्याखाली प्रत्येक प्रश्नासमोर लिहिलेलं 'अपेक्षित उत्तर'. मंडळी, खरं सांगते, ते दोन शब्द वाचले आणि माझं पुढं लक्षच लागेना. पन्नास वर्षांपूर्वीचा एक वर्ग डोळ्यांपुढे आला. तोच आज लिहायला बसले आहे.

आपल्या घरातल्यांना ठाऊकच आहे, मी एस.एन.डी.टी.तून मराठी माध्यमात बी.ए. केलं आणि मग १९७३ साली बी.एड. त्या वेळी बी.एड. एका वर्षाचं असे. सुरुवातीचे दोन-तीन महिने नुसती व्याख्यानं, मग सूक्ष्म अध्यापन, मग सराव पाठ. माझे वीस-बावीस पाठ झाले, तेही दादर-परळकडच्या नावाजलेल्या शाळांतून. मागच्या बाकावर आमचे अध्यापक निरीक्षण वही घेऊन बसत, त्यामुळे मुलंही शहाण्यासारखी वागत. हर्बार्टच्या पायऱ्या आम्हाला झोपेतसुद्धा म्हणता येत होत्या. पाठाची प्रस्तावना तीन प्रश्नांत झाली नाही तर गुण कापले जायचे!

लग्नानंतर आम्ही माहुलला आलो. ह्यांची नोकरी रिफायनरीत. १९५४-५५ मध्ये तिथं दोन तेल शुद्धीकरण कारखाने सुरू झाले, एस्सोचा आणि बर्मा-शेलचा. आज त्यांना हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणतात. एका अंगाला त्यांच्या टाक्या आणि धुराडी, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये कोळी-आगऱ्यांचं जुनं गाव. मला तिथल्याच एका शाळेत पाचवीचा वर्ग मिळाला. शाळेचं नाव घेत नाही, कारण सांगायची चूक माझी आहे, शाळेची नाही. सकाळचं अधिवेशन, सातची घंटा, पटावर साठ मुलं.

पहिल्याच सत्रात अपूर्णांकांचा पाठ घेत होते. फळ्यावर भाकरी काढली, चार भाग केले, तीन रंगवले. सगळं कॉलेजात शिकवल्यासारखं. मग विचारलं, "आठचे पाऊणपट किती?"

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी ताडकन उठली. "सहा. अष्टमीची भरती."

वर्ग हसला नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. साठातल्या निम्म्या मुलांना ती काय म्हणते ते कळलं होतं. कळलं नव्हतं फक्त बाईंना. माझ्या टाचणात अपेक्षित उत्तर 'सहा' एवढंच होतं. मी म्हटलं, "विचारलं तेवढंच उत्तर द्यावं. अवांतर बोलू नये." ती खाली बसली.

ही मुलगी महिन्यातून दोनदा सलग तीन-चार दिवस गायब असायची. आली की गणितं सगळ्यांच्या आधी सोडवायची. मी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा सांगितलं, "उद्या पालकांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसू देणार नाही." ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. नियमाप्रमाणे मुदत भरल्यावर मी पटावरून तिचं नाव कमी केलं. लाल शाईनं. शेऱ्याच्या रकान्यात 'सतत गैरहजर' असं वळणदार अक्षरात लिहिलं. अक्षर चांगलं हवं, हेही कॉलेजात शिकवलेलंच.

पुढं दोन-तीन महिन्यांनी शेजारच्या कोळीण आजींशी बोलताना उलगडा झाला. म्हणाल्या, "बाई, उधाणाला पोरी कुठं शाळेत येतात? आया चिखलात जातात. तान्ह्याला कोण सांभाळणार?"

अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, तशी ओहोटीही लांबवर जाते. एरवी पाण्याखाली असलेला चिखल उघडा पडतो. तेव्हा बायका चिंबोऱ्या, निवट्या, कालवं काढायला खाडीत उतरतात. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशोब आहे तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीडला, तृतीयेला सव्वादोनला. ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी, म्हणजे पावणेसात, साडेसात, सव्वाआठ. आमची घंटा सातची!

त्या रात्री मी हजेरीपट घरी आणला आणि पंचांग शेजारी ठेवून बसले. एकेका महिन्यावर बोट फिरवत गेले. गैरहजेरीच्या फुल्या तिथीबरहुकूम पडलेल्या होत्या. सहा महिने मी रोज स्वतःच्या हातानं त्या भरत होते आणि एकदाही वाचल्या नव्हत्या. हजेरी मांडायची कशी, सरासरी काढायची कशी, ते मला उत्तम येत होतं.

आणि ती पाऊणकी! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे आपले जुने पंतोजी मुलांकडून घोकून घेत. त्या मुलीच्या घरी ते अजून पोटापाण्यासाठी वापरात होते. मी मात्र फळ्यावर भाकरी काढत बसले होते.

असो. तेव्हापासून मला छंद लागला, की शिक्षकाला शिकवायची ही कल्पना आपल्याकडे आली कुठून आणि गेली कुठं, ते शोधायचं.

आपल्या इलाख्यातली सुरुवात २०० वर्षांपूर्वीची. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत चोवीस जणांना तयार केलं आणि १८२६ मध्ये शाळा काढण्यासाठी मराठी आणि गुजराती मुलखात पाठवलं. त्यांना शिकवलेली पद्धत लँकेस्टरच्या वळणाची होती, म्हणजे मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं. गंमत अशी, की विलायतेत ही पद्धत नेणाऱ्यांपैकी अँड्र्यू बेल यांनी ती मद्रासेत, इथल्या गावशाळा बघूनच उचललेली होती. आपलंच दूध आपल्याला डबाबंद होऊन परत मिळालं, म्हणा ना! पुढे १८४५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षकांसाठी नॉर्मल क्लास निघाला, त्याची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. दुर्दैवानं पुढच्याच वर्षी ते गेले. सावित्रीबाईंनीही अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे रीतसर अध्यापनाचं शिक्षण घेतलं होतं. म्हणजे आपली पहिली 'बाई' ट्रेन्ड होती, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखे विद्वान प्राचार्य होऊन गेले. १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. अशी ही परंपरा मोठी आहे, तिची थट्टा करायचा माझा हेतू नाही.

पण या सगळ्यात मला सर्वांत जवळचं वाटतं ते जोतिरावांचं म्हणणं. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षकांविषयी त्यांनी सांगितलं, की शिक्षक ट्रेन्ड तर हवेतच, पण शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत. त्यांना लोकांत मोकळेपणानं मिसळता यावं, लोकांच्या गरजा कळाव्यात आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाज वाटू नये. त्याआधी १८५५ मध्ये फुले दांपत्यानं शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. रात्रशाळा म्हणजे काय? शाळेनं लोकांची वेळ पाहिली, एवढंच.

आमच्या अभ्यासक्रमात फुले होते, पण 'शिक्षणाचा इतिहास' या पेपरात, दहा गुणांच्या टिपेसाठी. नांगराची मूठ आमच्या सराव पाठात नव्हती. मग खाडीचा चिखल कुठून असणार?

हे सारं कागदावरच राहिलं असंही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत, गुरं चारायला जातात, हे पाहिल्यावर त्यांनी काय केलं? नाव कमी केलं नाही. शाळाच कुरणात नेली! तिला नाव दिलं कुरणशाळा. मुलं शाळेत येत नसतील तर शाळेनं मुलांकडे जावं, हा साधा विचार. आमच्या माहुलपासून कोसबाड रेल्वेनं काही तासांच्या अंतरावर. मी बी.एड. करत होते तेव्हा अनुताई तिथं काम करत होत्या. आमच्या कॉलेजची शैक्षणिक सहल माथेरानला गेली.

तर प्रश्न असा, की ट्रेनिंगनं शिक्षक तयार होतो का?

मी अप्रामाणिक होणार नाही. मला ट्रेनिंगनं पुष्कळ दिलं. फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकवलं. प्रश्न आधी सगळ्या वर्गाला विचारावा आणि मग एकाचं नाव घ्यावं, हे शिकवलं. ही युक्ती मी निवृत्त होईपर्यंत वापरली. उद्याचा तास आज डोक्यात उभा करायची सवय टाचणामुळेच लागली. बिनट्रेनिंगचे काही सहकारी मी पाहिले आहेत, त्यांना स्वतः चुकत चुकत हे शिकायला पाच-पाच वर्षं लागली, आणि तोवर पोरांचं नुकसान झालं ते झालंच. त्यामुळे ट्रेनिंग नकोच, असं म्हणणाऱ्यांच्या मी बाजूची नाही.

आता तर पुष्कळ सुधारणा झाली आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि प्रत्यक्ष शाळेत घालवायचा काळ वीस आठवड्यांचा झाला. माझ्या वीस पाठांपुढे हे कितीतरी बरं. शिक्षक पात्रता परीक्षा आली, महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून अधिक वर्षं उरली आहेत अशा जुन्या शिक्षकांनीही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी. पण मला सांगा, या परीक्षेत हजेरीपट वाचायला देतात का?

नातीला विचारलं, "तुझ्या वीस आठवड्यांत काय केलंस?" म्हणाली, "निम्मा वेळ ऑनलाइन माहिती भरली. उरलेला वेळ पाठ." मग थोडं थांबून म्हणाली, "आजी, वर्गात काही मुलं रोज पेंगतात. काय करू?"

तिची सरावाची शाळा आमच्याच भागातली. माहुलच्या प्रकल्पग्रस्तांच्या इमारतींतली मुलं तिथं येतात. २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडल्या, तेव्हा घाटकोपर, विद्याविहारकडची पुष्कळ कुटुंबं या इमारतींत आणून ठेवली. इथल्या हवेविषयी ती माणसं कोर्टात गेली, २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना भाडं देण्याचा आदेशही दिला. तरी राहणारे राहतातच. कुणाची आई अजून पूर्वीच्याच वस्तीत घरकामाला जाते, पहाटे निघते.

मी म्हटलं, "पेंगणारी मुलं कोणती, ती आठ दिवस वहीत लिहून ठेव. कुठल्या इमारतीतली, आई-बाबा किती वाजता निघतात, पाणी किती वाजता येतं. मग आपण बघू."

ती म्हणाली, "पण हे टाचणात कुठल्या रकान्यात लिहायचं?"

तिची चूक नाही. मीही तेच विचारलं असतं.

कुणी म्हणेल, ट्रेनिंग कॉलेजनं काय प्रत्येक गावची भरती-ओहोटी शिकवायची? नाही हो. गावागावाची ओहोटी वेगळी असणार. शिकवायचं ते एवढंच, की मूल आलं नाही तर आधी 'का' विचारावं आणि मग रकाना भरावा. आणि उत्तर अनपेक्षित आलं तर टाचण बाजूला ठेवून म्हणावं, "हे मला माहीत नाही, सांग बघू." यासाठी नवा पेपर नको. सरावाच्या पहिल्या आठवड्यात एकही पाठ न घेता हजेरीपट हातात घेऊन मुलांची घरं हिंडायची, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी एखाद्या मुरलेल्या शिक्षकाला नव्याच्या जोडीला द्यायचं. एवढ्यानंही पुष्कळ होईल, असं माझा अनुभव सांगतो.

पुढच्या वर्षापासून मी उधाणाच्या दिवसांत नवा धडा घ्यायचा सोडला. ते दिवस उजळणीचे. कडेवर भावंड घेऊन आलेल्या मुलीला मागं सतरंजीवर बसू दिलं. मुख्याध्यापक नाराज झाले, मग त्यांनी कानाडोळा केला. आणि अपूर्णांक शिकवायला भाकरीऐवजी तिथी घेतली. पण ज्या मुलीनं मला ते शिकवलं, ती वर्गात नव्हती.

ती पुन्हा भेटली वीस-बावीस वर्षांनी. मुलीला पाचवीत घालायला आली होती. ओळखलं तिनंच. मी म्हटलं, "तुझं नाव मी कमी केलं होतं, चुकलंच माझं." ती हसली. तिच्या मनात राग असावा असं दिसलं नाही, त्यानं मला जास्तच लागलं. म्हणाली, "तुम्ही आईला घेऊन ये म्हणालात. आई कुठं येणार बाई, सुकती होती ना."

नातीच्या टाचणावर मी पेन्सिलनं एकच दुरुस्ती केली. 'अपेक्षित उत्तर' या रकान्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखून दिला आणि तो कोरा ठेवला. त्यात मुलं जे म्हणतील ते संध्याकाळी लिहायचं. तिच्या अध्यापकांनी गुण कापले तर कापोत बापडे!